मुलांच्या हातातला गोठा

डिसेंबर लागला की वसईच्या वाड्यांत, मुंबईच्या गावठाणांत, अहिल्यानगरपासून जालन्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत आणि गोव्याच्या घराघरांत गोठे उभे राहू लागतात. बांबूच्या काटक्या, वाळलेले गवत, खडक भासावा म्हणून चुरगळलेला कागद, वर चांदणी आणि मध्ये मरिया, योसेफ, बाळ येशू, मेंढपाळ, बैल, गाढव. मूर्ती बहुधा मातीच्या किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या असतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा हात तिकडे गेला की मोठ्यांचा आवाज चढतो, कारण प्लास्टरची मूर्ती एकदा पडली की तिचा हात किंवा मान गेलीच.

ज्या बाळाची ही गोष्ट, त्याच्या वयाच्या मुलांनाच तिच्यापासून दूर उभे करावे लागते. यावर सोपा आणि जुना उपाय आहे. देखाव्याचा गोठा असू द्यावा आणि त्याच्या शेजारी मुलांना खेळायला लाकडाचा, हाताने रंगवलेला दुसरा संच असावा. हे काम घरी करता येते. मात्र खेळायच्या संचाचे नियम देखाव्याच्या संचाहून वेगळे आहेत. ते समजून घेतले तर वस्तू टिकते, सुरक्षित राहते आणि आपल्या मातीतली वाटते.

गोष्टीत काय आहे, काय नंतर आले

रंग हाती घेण्यापूर्वी गोष्ट नीट माहीत असावी. येशूच्या जन्माची हकीकत बायबलमधल्या दोन शुभवर्तमानांत येते. लूकने बेथलेहेम, गव्हाणीत ठेवलेले बाळ, रानात कळप राखणारे मेंढपाळ आणि देवदूत सांगितले. मत्तयाने पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, त्यांना वाट दाखवणारा तारा आणि सोने, ऊद, गंधरस या तीन भेटी सांगितल्या. ज्ञानी लोक किती होते, हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन म्हणून माणसेही तीन, अशी समजूत पुढे रूढ झाली. मत्तयाच्या कथनात ते एका घरात पोहोचतात. गोठ्याचा उल्लेख तिथे नाही.

बैल आणि गाढव तर दोन्ही शुभवर्तमानांत नाहीत. बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाच्या गव्हाणीला ओळखते, अशा अर्थाचे वचन यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे. त्यावरून ही दोन जनावरे फार पूर्वीच ख्रिस्तजन्माच्या चित्रांत येऊन बसली. रंगवणाऱ्याला याचा फायदा होतो. देखावा शतकानुशतके भरत आला आहे आणि प्रत्येक प्रदेशाने त्यात आपले काहीतरी घातले आहे, हे एकदा कळले की आपलाही हात मोकळा होतो.

गोठ्याच्या प्रथेची सुरुवात असिसीच्या संत फ्रान्सिसपासून सांगितली जाते. १२२३ च्या ख्रिसमसला इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी गवताने भरलेली गव्हाण ठेवली, खरे बैल आणि गाढव आणून उभे केले आणि तिथे मिस्सा साजरी झाली. गोष्ट डोळ्यांनी पाहता यावी, हा त्यांचा हेतू होता. अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी या देखाव्यात भाजीवाले, मासेवाले, गवंडी, वाजंत्री अशी सगळी बाजारपेठ आणून बसवली. जर्मनीच्या डोंगराळ भागांत लाकूड कोरणाऱ्यांनी हाच गोठा लाकडात उतरवला आणि तो दुकानांतून मुलांच्या खोलीत पोहोचला.

आपल्याकडचे धागे

आपल्या भाषेत ही गोष्ट चारशे वर्षांपासून नांदते आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले आणि ते अपुरे राहिल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. शब्दांत ही कथा पूर्ण मराठी झाली. मूर्तींत मात्र अजूनही बहुतेक गोठे युरोपीय चेहऱ्यामोहऱ्याचे आणि झग्यांचे दिसतात.

चित्रकलेत हे कोडे एका माणसाने फार सुंदर सोडवले. अँजेलो द फोन्सेका हे १९०२ साली गोव्यात जन्मलेले चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिले. त्यांची मरिया साडी नेसते. तिचा रंग, तिची बसण्याची ढब, तिच्या भोवतीची भांडी सारी इथली आहेत. १९६७ साली ते पुण्यातच वारले. खेळण्यातला गोठा रंगवणाऱ्याने फोन्सेकांची चित्रे आधी पाहावीत. परकी गोष्ट घरची कशी होते, याचे तेवढे चांगले उदाहरण दुसरे नाही.

लाकडी खेळण्याशी श्रद्धा जोडण्याची प्रथाही आपल्याकडे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात आणि विदर्भात तान्हा पोळा भरतो. चाके लावलेले लाकडी बैल सजवून मुले ते ओढत नेतात. मोठ्यांच्या सणाची मुलांच्या मापाची आवृत्ती करून ती त्यांच्या हाती सोपवायची, हा विचार तिथे स्पष्ट दिसतो. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळे मांडणारे मूलही तेच करत असते. लाकडी गोठा याच पंगतीत बसतो.

आणि लाकूड रंगवण्याची विद्या म्हणाल तर ती सावंतवाडीची. तिथल्या चितारआळीत लाकडी फळे, भातुकली, पाट, देव्हारे आजही रंगवून मिळतात. चितारी कारागिरांची ही कला विसाव्या शतकात मागे पडू लागली, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना जागा देऊन तिला आणि गंजिफा या हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना नवा जीव दिला. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंना आणि गंजिफाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कर्नाटकातले चन्नपट्टण, आंध्रातले कोंडपल्ली आणि नांदेडच्या सीमेपलीकडचे तेलंगणातले निर्मल ही या कलेची आणखी तीन मोठी घराणी.

लाकूड आणि माप

खेळण्याचे लाकूड हलके, सरळ रेषेचे आणि चिरा न पडणारे असावे. सावंतवाडीत पांगारा वापरत आले. चन्नपट्टणला काळा कुडा वापरतात. त्याचा पोत इतका बारीक असतो की चरकावर कातल्यावर तो जवळजवळ गुळगुळीत निघतो. कोंडपल्लीचे पोनिकीचे लाकूड फार हलके असते. घरी करणाऱ्याला शिवण सर्वांत सोयीची. ती हलकी आहे, सहज कापली जाते आणि सुकल्यावर फारशी वेडीवाकडी होत नाही. आंबाही चालतो, पण नीट सुकलेला हवा. बाभूळ फार जड पडते आणि दोन मुलांच्या भांडणात जड बैल डोक्याला लागतो. एमडीएफचा तुकडा स्वस्त मिळतो, पण तो लाळेने फुगतो, कडा सुटतात आणि त्यातल्या चिकटद्रव्यात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते. तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी तो घेऊ नये.

आकार साधा ठेवावा. माणसे नऊ-दहा सेंटीमीटर उंच, खाली रुंद आणि वर निमुळती. पसरलेले हात, काठी, पंख, बैलाची बारीक शिंगे असे बाहेर आलेले भाग प्रथम मोडतात आणि मोडल्यावर टोचतात. म्हणून मेंढपाळाची काठी कोरू नये, अंगावरच रंगवावी. बैलाची शिंगे कपाळालगत वळवून जाड ठेवावीत. देवदूताचे पंख पाठीला चिकटून असावेत.

सर्वांत जास्त विचार बाळाचा करावा लागतो. बहुतेक संचांत बाळ येशू ही सर्वांत छोटी, सुटी मूर्ती असते आणि लहान मुलाला सर्वांत आधी तीच उचलावीशी वाटते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक मोजमाप वापरतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असे धरतात. भारतीय मानक आयएस ९८७३ मध्येही हीच कसोटी आहे. म्हणून बाळ आणि गव्हाण एकाच लाकडात करावी. हा जोडतुकडा किमान साडेचार सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद असावा. बाळ गव्हाणीतून काढता येणार नाही, पण गव्हाणीसकट कुशीत घेता येईल. कोकरू, चांदणी, भेटींच्या पेट्या यांनाही हाच नियम लावावा. भेटी तर त्या ज्ञानी माणसाच्या हातातच रंगवाव्यात.

कापून झाल्यावर कडा कानशीने गोल कराव्यात. मग पॉलिशपेपर ८०, १२० आणि २२० या क्रमाने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावा. शेवटच्या घासणीआधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यावे. पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ते आत्ताच घासून काढले तर पुढे रंगाखाली खरखर उरत नाही.

रंग: इथे हयगय नको

परंपरेने वापरलेला रंग म्हणजे निर्धोक रंग, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे आणि ती चुकीची आहे. जुन्या चिताऱ्यांच्या पेटीत गेरू, पिवडी, काजळी आणि नीळ असे बरेचसे निरुपद्रवी रंग असत. त्याच पेटीत हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग, हरताळ आणि मनशीळ म्हणजे सोमलाची संयुगे आणि शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड हेही असे. जुना सफेदाही शिशाचाच. भिंतीवरच्या चित्राला हे चालून गेले. तोंडात जाणाऱ्या बैलाला चालणार नाही.

शिसे मुलांना मोठ्यांहून कितीतरी अधिक बाधते. पोटात गेलेल्या शिशातले मोठी माणसे जेवढे शोषतात, त्याच्या चार-पाच पट मुले शोषू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते वाढत्या मेंदूवर परिणाम करते आणि त्याची ‘एवढे चालेल’ अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा अर्धवट उरलेला डबा माळ्यावर असेल तर तो खेळण्यासाठी काढू नये.

खेळण्यांना स्वतंत्र नियमही आहेत. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. त्यातल्या एका चाचणीत शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, बेरियम, अँटिमनी आणि सेलेनियम ही आठ मूलद्रव्ये रंगातून किती सुटतात ते पाहतात. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते यांना या प्रमाणपत्रातून सूट आहे. सूट योग्यच आहे, नाहीतर छोटा कारागीर टिकणार नाही. पण म्हणूनच हस्तकलेचे खेळणे घेताना रंग कोणता लावला आहे, हे विचारण्याची जबाबदारी आपली. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

घरी रंगवताना खेळण्यांसाठी सुरक्षित असे डब्यावर लिहिलेले, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्यावेत. चमकी, सोनेरी पावडर आणि नखांचे पॉलिश टाळावे. तारा सोनेरी हवा असेल तर पिवडीच्या छटेचा पिवळा पुरेसा उठून दिसतो.

हात कसा चालवावा

आधी अस्तर द्यावे. गंजिफाच्या पानांना आणि जुन्या खेळण्यांना चिंचोक्याची खळ लावून जमीन तयार करत. घरीही हे जमते. चिंचोके भाजून, साल काढून, दळून ते पीठ पाण्यात शिजवले की खळ होते. तिच्यात स्वच्छ खडूची पूड मिसळून एक पातळ हात द्यावा. वाळल्यावर हलके घासावे. त्यामुळे लाकूड पुढचा रंग पिऊन टाकत नाही आणि रंग उजळ दिसतात. तयार पांढरे ॲक्रिलिक अस्तरही चालते.

मग मोठ्या जागा आधी आणि बारीक काम नंतर. वस्त्रांचे रंग, अंगाचा रंग, केस, मग किनार आणि सर्वांत शेवटी डोळे. रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. जाड थर पापुद्र्यासारखा सुटतो. बूड कोरे ठेवावे म्हणजे लाकडातली ओल तिथून बाहेर पडते. चेहरा जितका थोडक्यात तितका चांगला. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक बारीक रेघ पुरते. हसणे, रडणे, घाबरणे हे मूल खेळताना स्वतः भरते. चेहऱ्यावर एकच भाव कोरून ठेवला तर त्याला तेवढी मोकळीक राहत नाही.

या टप्प्यावर गोठा आपला करता येतो. मरियेला नऊवारी, योसेफाला सुताराचा साधा वेष. मेंढपाळाच्या खांद्यावर काळी घोंगडी आणि डोक्याला मुंडासे, कारण आपल्याकडे कळप राखणारा माणूस असाच दिसतो. मेंढ्या पांढऱ्याशुभ्र कशाला? दख्खनी मेंढी बहुधा काळी असते. शेजारी एक काळी उस्मानाबादी शेळी उभी करावी. बैल देवणी असावा: पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, किंवा सारे अंग पांढरे आणि तोंड काळे. मराठवाड्यातल्या मुलाला तो लगेच ओळखू येतो. गाढवही परके नाही. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो.

रंग पक्का करण्यासाठी वरून लाख द्यावी. शुद्ध लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश वाळल्यावर निर्धोक असते. त्याचे दोन पातळ हात पुरतात. जवसाचे तेल वापरायचे असेल तर कच्चे घ्यावे. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत आणि मगच फेकावीत.

आठवडाभर वाळल्यावर एक चाचणी घ्यावी. पांढरे सुती फडके पाण्यात बुडवून प्रत्येक तुकड्यावर जोराने घासावे. फडक्याला रंग आला तर तो तुकडा परत घासून नव्याने रंगवावा. मूल चाखणारच आहे, म्हणून ही परीक्षा आधी आपण घ्यायची.

खेळ कसा चालतो

संच मुलाच्या हाती द्यावा आणि बाजूला व्हावे. मूल बैलाला छपरावर चढवील, देवदूताला गाढवावर बसवील, मेंढ्या सोफ्याखाली लपवील. त्यात अनादर नाही. लहान मूल गोष्ट अशीच शिकते. काही ख्रिस्ती घरांत एक छान प्रथा आहे. ज्ञानी माणसांना पहिल्या दिवशी गोठ्यात ठेवत नाहीत. त्यांना घराच्या दूरच्या कोपऱ्यात उभे करून रोज थोडे पुढे सरकवतात आणि ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, ते पोहोचतात. लाकडी संच असेल तर हे काम मुलालाच देता येते. बेथलेहेमचा प्रवास किती दूरचा होता, हे त्याला पायाने कळते.

आशीर्वादित मूर्तींचा गोठा असेल तर तो उंचावर, आपल्या जागी असू द्यावा. खेळाचा संच वेगळा असला की पूजेचा मान राहतो आणि मुलाचा हक्कही.

हीच रीत कपिलधारला

या साऱ्याचा उपयोग ख्रिस्ती घरांपुरता नाही. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या कुशीत कपिलधार आहे. वीरशैव संतकवी मन्मथस्वामींचे हे समाधिस्थान. पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो आणि कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. पायी दिंड्या येतात, मराठवाड्याबरोबर शेजारच्या राज्यांतूनही वीरशैव भाविक येतात. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठी ओवीत लिहिले. ज्या ओवीत स्टीफन्सनी ख्रिस्तजन्म सांगितला, तीच ओवी. दोन्ही परंपरांनी आपली गोष्ट लोकांच्या भाषेत आणली. मुलांच्या हातात आणण्याचे काम आपल्यावर आहे.

कपिलधारचा लाकडी संच सहज कल्पिता येतो. एकात एक बसणाऱ्या तीन तुकड्यांचा कडा आणि त्यावरून उतरणारी धबधब्याची पांढरी-निळी रेघ. देवळाचे शिखर, समोर बसलेला नंदी. पताका घेतलेले दिंडीकरी, टाळकरी, डोक्यावर गाठोडे घेतलेली आजी, बैलगाडी. बालाघाटच्या उतारावरचे सीताफळाचे झाड, कारण बीडच्या सीताफळाला मानांकन आहे आणि ते इथल्या मुलांच्या रोजच्या ओळखीचे आहे. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्याची आठवण म्हणून एक मोर. गोठ्यासाठी केलेला देवणी बैलाचा साचाच इथेही चालेल. स्वामींची मूर्ती मात्र या संचात करू नये. ती पूजेची आहे. खेळायला यात्रा द्यावी, माणसे द्यावीत, वाट द्यावी. मूल त्या वाटेने स्वतः देवळापर्यंत जाईल.

यात्रेत प्लास्टिकची खेळणी ढिगाने विकली जातात आणि त्यांतल्या एकातही कपिलधार नसते. गावातला सुतार, शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आणि बचतगटातल्या चार बाया एकत्र आल्या तर असा संच तिथेच तयार होऊ शकतो. लागणारे लाकूड थोडे, हत्यारे सुताराकडे आहेतच आणि रंगाचे नियम वर दिले आहेत.

सुरुवात एका बैलाने करावी. तो दोन्ही संचांत लागतो, करायला सोपा आहे आणि मुलांना सर्वांत प्रिय आहे. अस्तर आणि लाख मोठ्यांनी लावावी, ठिपके मुलाला देऊ द्यावेत. घरी करणे जमणार नसेल तर सावंतवाडीच्या कारागिराकडून करवून घ्यावे, रंगाची चौकशी करावी आणि मागेल ते मोल द्यावे. गोठा असो की कपिलधारची यात्रा, मुलांना हात लावता येईल अशी एक तरी वस्तू यंदा प्रत्येक घरात असावी.